नोंदवही कोणाची? जव्हार-मोखाड्यातील बालकांची वजने आणि मुक्तस्रोत आज्ञावलीचा प्रवास

१/
१९९२ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी परिसरातील आदिवासी पाड्यांवर बालके एकामागोमाग दगावू लागली. मृतांची संख्या शंभराच्या पुढे गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि ‘कुपोषण’ हा शब्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या गावाच्या नावासह कायमचा रुजला. त्याच वर्षी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने आपली ‘लिनक्स’ ही संगणक आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली खुली केली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पाव शतकानंतर मात्र अंगणवाडी सेविकेच्या हातातील मोबाईलमध्ये दोन्ही इतिहास एकत्र आले. त्या भेटीचा हा धागा.

२/
प्रथम प्रदेश समजून घेऊ. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकात स्थापन झालेले हे महादेव कोळी राजघराणे १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकले. पुढे हा मुलूख ठाणे जिल्ह्यात गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर जव्हार व मोखाडा हे त्याच्या आठ तालुक्यांपैकी दोन झाले. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर या समाजांची येथे वस्ती आहे. गावे विखुरलेल्या पाड्यांची, शेती उताराच्या जमिनीवरील नागली-वरईची आणि पावसाच्या भरवशाची.

३/
या शेतीवर वर्ष निभत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई आणि त्यापलीकडच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. घरातील धान्य संपलेले, नवे पीक अजून शेतात, ओढ्यांना पूर आणि साथीचे आजार अशा महिन्यांत बालकाची प्रकृती ढासळते. कुपोषणाचा माग काढायचा तर बालकाचे वजन नियमित व्हावे लागते, आणि नेमकी हीच मुले वर्षातील कित्येक महिने गावच्या यादीत असतात पण गावात नसतात. मोजणीची अडचण येथे पहिल्या पायरीलाच उभी राहते.

४/
मोजणीची सरकारी व्यवस्था त्यापूर्वीच अस्तित्वात होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी सेविकेने बालकाचे वजन करायचे आणि वाढीच्या तक्त्यावर वयानुसार टिंब मांडायचे. महिन्यागणिक टिंबे जोडली की रेषा तयार होते. रेषा वर चढत असेल तर ठीक; ती आडवी झाली किंवा खाली वळली तर मूल आजारी दिसण्यापूर्वीच धोका कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी प्रमाणके प्रसिद्ध केली आणि भारताने २००८ मध्ये ती या योजनेसाठी स्वीकारली. साधन साधे होते; निरक्षर आईलाही रेषेची दिशा दाखवता येत होती.

५/
तरीही नोंदवह्यांनी सत्य पूर्णपणे सांगितले नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने इतर स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने राज्याच्या विविध भागांत बालमृत्यूंची प्रत्यक्ष गणना केली. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या नावाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकार दरबारी नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातील बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे त्यातून उघड झाले. पुढे राज्य सरकारनेच डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. नोंदवही अस्तित्वात असणे आणि ती खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अहवालांनी ठळक केले.

६/
यातून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ आरोग्याचा नाही. नोंद करणारी व्यक्ती सर्वांत खालच्या पायरीवर, तर नोंदीवरून निर्णय घेणारी सर्वांत वरच्या. मधल्या प्रत्येक पायरीवर आकडा बेरजेत विरघळतो. मूल दिसेनासे होते आणि टक्केवारी उरते. मग नोंदवही कोण वाचू शकतो? तिच्यातील रकाने कोण ठरवतो? रकाना चुकीचा असेल तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे? विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकांच्या जगात याच स्वरूपाचा वाद पेटला होता. तिकडे वळू.

७/
१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा झेरॉक्स छपाई-संच आला. कागद अडकला की सर्वांना तशी सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या संचाच्या आज्ञावलीत केली होती. नव्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मात्र त्यांना नाकारण्यात आली. यंत्र समोर होते, दोष ठाऊक होता, दुरुस्तीचे ज्ञानही होते. नव्हती ती परवानगी. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि सुधारून पुन्हा वाटण्याचे स्वातंत्र्य हे त्याचे सूत्र. १९८९ मध्ये हे सूत्र ‘जीपीएल’ या परवान्यात कायद्याच्या भाषेत उतरले आणि १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’, अर्थात मुक्तस्रोत, हे नाव रूढ होऊ लागले.

८/
मुक्तस्रोत म्हणजे फुकट, हा आपल्याकडील सर्वांत मोठा गैरसमज. खरा गाभा दुरुस्तीच्या अधिकाराचा आहे, आणि त्यासाठी संगणकाबाहेरचे एक उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. दुष्काळी भागातील ओतीव लोखंडाचे हातपंप सतत मोडत, तेव्हा जालना व सोलापूर येथील मिशन संस्थांशी संबंधित कार्यशाळांत अधिक टिकाऊ पंप घडवले गेले. त्यांच्या, विशेषतः ‘सोलापूर पंपा’च्या आधारे १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला. त्याचा आराखडा कोणाच्याही मालकीचा ठेवला नाही. कोणताही कारखाना ठरलेल्या मानकानुसार तो बनवू शकत होता, आणि तो जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी एक ठरला.

९/
पण गोष्ट येथे संपत नाही. आराखडा खुला असूनही मार्क टूच्या खोल भागातील दुरुस्तीसाठी संपूर्ण नळ वर काढावे लागत. त्यासाठी खास अवजारे, वाहन आणि तालुक्याहून येणारे पथक हवे. म्हणजे पंप कोणीही बनवू शकत होते; दुरुस्ती मात्र गावाच्या हातात नव्हती. म्हणूनच पुढे ‘मार्क थ्री’ आला. त्यात नळ न उपसता आतील भाग बाहेर काढता येतात. आराखडा खुला असणे ही एक पायरी आणि दुरुस्ती वापरणाऱ्याच्या आवाक्यात येणे ही दुसरी. मुक्तस्रोत आज्ञावलीचा इतिहास वाचताना ही दुसरी पायरी लक्षात ठेवावी लागते.

१०/
पहिली पायरी जगाने वेगाने ओलांडली. ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती, त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांचे मोठे आश्रयस्थान असलेले ‘गिटहब’ साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. आयबीएमने २०१९ मध्ये ‘रेड हॅट’ ही मुक्तस्रोतावर उभी राहिलेली कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. उद्योगांना यात परोपकार दिसला नव्हता. एकाच विक्रेत्यावरील अवलंबन टळते, पायाभूत आज्ञावलीच्या देखभालीचा खर्च अनेकांत विभागला जातो आणि स्वतःच्या गरजेनुसार बदल करता येतो, हा त्यांचा हिशेब होता. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे.

११/
भारतीय संस्थांनीही हीच वाट धरली. केरळच्या शाळांनी जीएनयू/लिनक्स स्वीकारले. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय वापरासाठी मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. त्यापूर्वी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिली ‘आधार’ ओळखपत्रे दिली गेली. त्यामागील प्रणालीचा मोठा भाग मुक्तस्रोत घटकांवर उभारलेला होता. मात्र टेंभलीच्या रहिवाशाला त्या प्रणालीत एक अक्षरही बदलता येत नव्हते. संस्था मुक्तस्रोत स्वीकारते तेव्हा स्वातंत्र्य प्रथम संस्थेला मिळते. ते पुढे झिरपेल की नाही, हे परवाना ठरवत नाही.

१२/
ते झिरपावे म्हणून जाणीवपूर्वक प्रयत्न झाले, आणि त्यांचा एक उगम नॉर्वेतील कामगार चळवळीत आहे. ‘सिम्युला’ या भाषेचे सहजनक क्रिस्टेन निगार्ड यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येणाऱ्या संगणकप्रणालीबाबत कामगारांना माहिती मिळावी आणि तिच्या रचनेत त्यांचा शब्द असावा, हा त्यांचा आग्रह होता. या परंपरेतील ऑस्लो विद्यापीठाचे संशोधक वर्णभेदाच्या अंतानंतर दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथे आरोग्यव्यवस्था वंश आणि प्रदेशानुसार चौदा खात्यांत विभागली होती आणि प्रत्येकाचे तक्ते निराळे होते.

१३/
तेथे १९९० च्या दशकात ‘जिल्हा आरोग्य माहिती आज्ञावली’, संक्षेपाने डीएचआयएस, आकाराला आली. दवाखान्यातील परिचारिकेने केवळ आकडे वर न पाठवता स्वतःच्या कामासाठी ते वाचावेत, हे तिचे मूळ तत्त्व. पहिली आवृत्ती मोफत होती, पण ती चालवायला मायक्रोसॉफ्टची आज्ञावली लागे. हे परावलंबन तोडणारी दुसरी, संपूर्ण मुक्तस्रोत आवृत्ती २००६ मध्ये केरळमध्ये प्रथम वापरात आली. आंध्रातील कुप्पम येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या भारतीय गटाच्या कामाची ही फलश्रुती होती. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही ही आज्ञावली पुढे वापरली. नोंदवही कोणासाठी, हा प्रश्न आता आज्ञावलीच्या रचनेतच विचारला जाऊ लागला होता.

१४/
पण महाराष्ट्रातील सेविकेच्या हाती अशी आज्ञावली देण्यापूर्वी तिला मराठी यावी लागते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. परंतु मराठीला लागणारे स्वतंत्र ‘ॲ’ हे अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झाले. तोवर ‘ॲप’ हा शब्दसुद्धा नीट लिहिता येत नव्हता. रेड हॅटने ‘लोहित’ टंक खुला केला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ हा देखणा टंक खुल्या परवान्याखाली दिला. अनेक स्वयंसेवकांनी लिनक्सचे पडदे आणि फायरफॉक्सचे पर्याय मराठीत आणले. विक्रेत्याला बाजार दिसण्याची वाट न पाहता भाषिकांनी स्वतः भाषांतर करावे, हे मुक्तस्रोतामुळे शक्य झाले.

१५/
दरम्यान जव्हार-मोखाडा पुन्हा बातम्यांत आले. सप्टेंबर २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूच्या घटनांनंतर पालघर जिल्ह्यातील कुपोषणाचा प्रश्न राज्यभर गाजला आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. वावर-वांगणीला तोवर जवळजवळ पाव शतक झाले होते. या काळात आहार योजना आल्या, केंद्रे उघडली, समित्या बसल्या, प्रमाणके बदलली. तरीही तीव्र कुपोषित मूल वेळेत दिसणे, त्याला उपचार मिळणे आणि स्थलांतरानंतरही त्याचा माग राहणे, ही साखळी कोठेतरी तुटत होती.

१६/
या पार्श्वभूमीवर ८ मार्च २०१८ रोजी राष्ट्रीय पोषण अभियान सुरू झाले. अंगणवाड्यांसाठी त्याचा कणा होती ‘कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’, म्हणजे कॅस, ही मोबाईल आज्ञावली. ती उभी होती ‘कॉमकेअर’ या मुक्तस्रोत प्रणालीवर. अमेरिकेतील ‘डिमागी’ या कंपनीने आफ्रिकेतील समाज-आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर काम करताना ती विकसित केली होती. कॅसच्या उभारणीला बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाचे साहाय्य होते. तिच्या पोटात पायथन, पोस्टग्रेस अशी इतरही मुक्तस्रोत साधने होती. जगातील सर्वांत मोठ्या पोषण-नोंदवह्यांपैकी एक खुल्या संहितेवर उभी राहत होती.

१७/
कॅसने नेमके काय बदलले? २०१२ च्या सुधारित पद्धतीनुसार सेविकेकडे ११ नोंदवह्या असत. त्यांपैकी १० मोबाईलमध्ये आल्या. कुटुंबाची माहिती एकदा भरली की गरोदर माता, लसीकरण, आहारवाटप आणि वजनाच्या याद्या त्यातून आपोआप तयार होत. वजन नोंदवताच वाढीचा आलेख रंगासह दिसे. कोणत्या घरी केव्हा भेट द्यायची याची आठवण मिळे. जोडणी नसतानाही नोंद करता येई आणि नेटवर्क मिळाले की ती पुढे जाई. आणि ती मराठीत होती. महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांसाठी राज्याने २०१९ च्या सुमारास फोन दिले.

१८/
जोडणीविना चालणे ही घाटावरील तालुक्यांत चैन नव्हे, गरज आहे. याच पालघर जिल्ह्यातील काही गावांत आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींतून ग्रामीण इंटरनेट पोहोचवण्याचे प्रयोग केले. २०१७ मध्ये मुक्तस्रोत चळवळीतील अग्रणी संस्था मोझिला हिच्या ‘इक्वल रेटिंग’ आव्हानात हा प्रकल्प सर्वोत्तम ठरला. देशाच्या आर्थिक राजधानीपासून काही तासांच्या अंतरावर इंटरनेट नेणे हा संशोधनाचा विषय असावा, यावरूनच अंगणवाडीच्या मोबाईलची परिस्थिती समजते. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावर नेटवर्क अखंड असते. डोंगरावरील पाड्यावर ते टेकडी चढून शोधावे लागते.

१९/
कॅस निर्दोष नव्हती. हलक्या प्रतीच्या फोनवर ती रखडे, आणि कागदी नोंदवह्या अनेक ठिकाणी समांतर चालू राहिल्याने काम दुप्पट होई. पण तिच्यामागे सेविकांच्या कामाचे निरीक्षण होते. पडद्यांचा क्रम, शब्दांची निवड, गृहभेटींची रचना यांत क्षेत्रीय अनुभव उतरला होता. शिवाय संहिता खुली असल्याने दोष शोधणे, भाषा जोडणे, दुसऱ्या कोणी ती पुढे नेणे तत्त्वतः शक्य होते. या ‘तत्त्वतः’ शब्दाचे वजन लवकरच कळले.

२०/
कॅस बंद करण्यात आली आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ ही नवी आज्ञावली लागू झाली. देशभर एकच प्रणाली, सर्व योजनांचा एकत्र मागोवा आणि प्रत्यक्षवेळेची माहिती, हा केंद्र सरकारचा उद्देश होता. तो गैर म्हणता येणार नाही. परंतु महाराष्ट्रातील सेविकांच्या संघटनांनी सांगितलेली अडचण अगदी मूलभूत होती: माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. मराठी माध्यमातून शिकलेल्या, वर्षानुवर्षे मराठीत नोंदवह्या लिहिलेल्या स्त्रियांसमोर बालकाचे नाव, आजार, आहार हे सारे अचानक परक्या लिपीत उभे राहिले.

२१/
ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ‘मोबाईल वापसी’ आंदोलन झाले. सेविकांनी शासनाने दिलेले फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. फोनची क्षमता नव्या आज्ञावलीस अपुरी, बिघाड वारंवार, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी आणि भाषा इंग्रजी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्यांना शासन आजही कर्मचारी न म्हणता मानसेवी म्हणते आणि वेतनाऐवजी मानधन देते, त्यांनी तंत्रज्ञानाच्या रचनेवर हरकत घेतली होती. भाषेचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे पोषण ट्रॅकर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करण्यात आली. निगार्ड यांनी नॉर्वेच्या कामगारांसाठी मागितलेला शब्द महाराष्ट्रातील सेविकांना फोन परत करून मिळवावा लागला.

२२/
येथे इतिहासाच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा आहे. कॉमकेअरची संहिता बदलानंतरही खुलीच राहिली. परवाना कोणी रद्द केला नाही. ती उतरवून घेण्याचा, मराठीत सुधारण्याचा, पुन्हा चालवण्याचा अधिकार कायद्याने सर्वांना होता. पण बालकांच्या नोंदी ज्या सर्व्हरवर, तो शासनाचा, आदेश शासनाचा, आहाराचे आणि मानधनाचे गणित ज्या नोंदीशी जोडले गेले, ती नोंद नव्या आज्ञावलीतील. संहिता हातात असून उपयोग नव्हता. मार्क टू हातपंपाचा आराखडा सर्वांना उपलब्ध होता, पण नळ उपसणारे पथक तालुक्यालाच राहिले, तशीच ही स्थिती.

२३/
यावरून मुक्तस्रोत निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. बंद आज्ञावलीत विक्रेता गेला की ज्ञानही जाते. खुल्या संहितेवर झालेले काम मागे उरते आणि इतरांना वापरता येते. गडचिरोलीत ‘सर्च’ने क्षेत्रीय आरोग्यनोंदींसाठी मुक्तस्रोत आज्ञावली वापरली, छत्तीसगडमधील गनियारी येथील ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या रुग्णालयाच्या गरजेतून ‘बहम्नी’ ही मुक्तस्रोत रुग्णालय-प्रणाली घडली आणि ती इतर देशांतही पोहोचली. दोन्ही ठिकाणी वापरणारी संस्था आणि बदल सांगणारी संस्था एकच होती, म्हणून परवान्यातील अधिकार कागदावर राहिला नाही.

२४/
आणखी एक गल्लत टाळायला हवी. आज्ञावली खुली असणे म्हणजे माहिती उघडी असणे नव्हे. मोखाड्यातील एखाद्या बालकाचे नाव, वजन, आजार ही त्या कुटुंबाची खाजगी बाब. ती गोपनीयच राहिली पाहिजे. खुले हवे ते मोजण्याचे नियम. मूल ‘तीव्र कुपोषित’ कोणत्या निकषाने ठरते, स्थलांतरित मूल कोणत्या यादीत मोजले जाते, वजन न झालेले मूल टक्केवारीतून वगळले जाते की नाही, हे संहितेत लिहिलेले असते. ‘कोवळी पानगळ’च्या कार्यकर्त्यांना सत्य शोधण्यासाठी घरोघरी जावे लागले. आजच्या काळातील तपासनीसाला घराबरोबर संहितेतही डोकावता आले पाहिजे.

२५/
भाषेचा प्रश्नही मराठी आली म्हणून संपत नाही. जव्हार-मोखाड्यातील अनेक घरांत वारली, कातकरी, कोकणा बोली बोलल्या जातात. शाळेची मराठी ही त्यांची दुसरी भाषा. आईला समजावण्याचा ध्वनिसंदेश वारलीत असावा असे एखाद्या प्रकल्पाला वाटले, तर परवानगी दिल्लीहून मागावी लागेल की तो जिल्ह्यातच जोडता येईल? मुक्तस्रोताची खरी कसोटी अशा लहान प्रश्नांत लागते. आणि कितीही उत्तम आज्ञावली असली तरी ती भात शिजवत नाही. नोंद खरी झाली, तरी तिच्या मागोमाग आहार, डॉक्टर आणि वाहन पाड्यावर पोहोचावे लागते.

२६/
म्हणून एखादी संस्था ‘आम्ही मुक्तस्रोत स्वीकारला’ असे जाहीर करते, तेव्हा परवान्याचे नाव विचारून थांबू नये. बदल सुचवण्याचा मार्ग कोणता, तो सेविकेला ठाऊक आहे का, तिची सूचना किती दिवसांत पडद्यावर दिसते, आज्ञावली बदलली तर जुन्या नोंदी तिला पुन्हा पाहता येतात का, आणि फोन बिघडला तर खर्च कोणाचा, हे विचारावे. ही उत्तरे मिळाली तर खुली संहिता वापरणाऱ्यांच्याही मालकीची होते.

२७/
अंगणवाडीतील मोबाईल या काळात बदलले, आज्ञावल्या बदलल्या, ठाण्याचा पालघर झाला. आईकडील माता-बाल संरक्षण कार्ड मात्र कागदीच आहे. त्यावर वाढीची तीच रेषा छापलेली असते, ती आईच्या घरात राहते आणि वीटभट्टीवर जाताना तिच्या बोचक्यातून सोबत जाऊ शकते. गाव सोडल्यावरही नोंद ज्या बालकाची आहे त्याच्याजवळ राहावी, ही अपेक्षा त्या कागदाने बऱ्याच अंशी पूर्ण केली. संगणकीय नोंदवहीकडून जव्हार-मोखाड्याची मागणी याहून फार मोठी नाही.

(समाप्त)